शिमग्यातली चोरी

होळीच्या आधी पोरांच्या टोळीने शेजारच्या म्हाताऱ्याच्या परसातली लाकडे रातोरात पळवायची आणि म्हाताऱ्याने काठी उगारून बोंबलत मागे धावायचे, हा महाराष्ट्रातला जुना प्रकार. उनाडपणा म्हणून आपण तो सोडून देतो. पण पंढरपूरचे काशीनाथ उपाध्याय यांनी १७९० साली लिहिलेला ‘धर्मसिंधु’ वेगळे सांगतो. फाल्गुन शुद्ध पंचमीपासूनच्या दहा तिथींत होळीसाठी लाकडे चोरणे तिथे चक्क विहित मानले आहे. आचाराच्या बाबतीत काटेकोर असलेला शास्त्रकार चोरीला जागा देतो, तेव्हा ती कुंपण घालूनच देतो. तिथी ठरलेल्या, माल फक्त जळाऊ आणि चोरलेले शेवटी सगळ्यांच्या होळीत. भविष्योत्तर पुराणातल्या ढुंढा राक्षसीच्या कथेतही गावाला पिडणारी ही बया पळते ती मुलांच्या आरडाओरड्याने. एरवी ज्यांनी गप्प बसायचे, त्यांच्या दंग्याला वर्षातून एकदा कामाला लावले, असे मला यातून दिसते.

यावर आक्षेप सरळ आहे: हे नियम पोथीतले, पोरे कुठे पोथी वाचत होती? खरे आहे. कुंपण मोडून दाराची फळी, खाट, गाडीचे चाकसुद्धा आगीत गेल्याच्या तक्रारी जुन्याच आहेत. त्याहून वजनदार आक्षेप नुकसानीचा. फाल्गुन ते वैशाख हे पावसाळ्याची बेगमी करण्याचे दिवस; एकट्या म्हातारीची गोवऱ्यांची हुडवी गेली तर श्रावणात तिची चूल कशावर पेटणार? तिची संमती कोणी विचारलेली नसे. सावकाराच्या वखारीपेक्षा चिडणाऱ्या, एकट्या माणसाचे परसू सोपे, कारण तिथे मार कमी आणि गंमत जास्त. म्हणजे रूढीने दंग्याला वेळेची हद्द घातली, पण सावज निवडण्याची मोकळीक पोरांकडेच राहिली, आणि ती त्यांनी दुबळ्यावर वापरली. माझ्या मते रूढीचा खरा दोष हा. चोरीला परवानगी दिली हा नव्हे.

१८६० च्या भारतीय दंडसंहितेने हा सगळा गुंता एका फटक्यात सोपा केला. दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम वस्तू त्याच्या संमतीवाचून लबाडीने हलवणे म्हणजे चोरी. तिथीची सवलत नाही. सात वर्षांखालच्या मुलाला तेवढी पूर्ण माफी, बारापर्यंत समज पाहून. शिमग्यातली टोळी बहुधा त्याहून थोराड असे. तरी लाकडांसाठी चौकी गाठणारा म्हातारा गावात आणखीच एकटा पडला असता, म्हणून कायदा बराच काळ कागदावर राहिला असावा. प्रथा खरी ओसरली ती शहरांत स्वयंपाकघरात गॅस आल्यावर. परसात चोरण्याजोगे काही उरले नाही. लाकडे वखारीतून विकत येऊ लागली आणि त्यांच्या पैशासाठी तीच पोरे पावतीपुस्तक घेऊन त्याच म्हाताऱ्याची घंटी वाजवू लागली.