बरे झाल्यानंतरचा हिशेब

लहानपणी रक्ताचा कर्करोग होऊन गेलेल्या मुलांच्या बुद्धीवर उपचारांचा काय परिणाम होतो, हा प्रश्न वैद्यकाने उशिरा विचारला. त्याबद्दल कोणाला दोषी धरावे असे मला वाटत नाही, कारण तो प्रश्न पडण्यासाठी आधी मुले जगायला हवी होती. १९४८ साली बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी १६ मुलांना अमिनोप्टेरिन देऊन पाहिले आणि १० जणांत सुधारणा झाल्याचे नोंदवले, तेव्हा ती सुधारणा काही महिन्यांची होती. मूळचे आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेत जे संशोधन चालवत होते, त्यातून हे औषध आले होते. पेशीला वाढीसाठी लागणाऱ्या फोलिक आम्लाचा वापर ते रोखते. त्याच जातीचे मेथोट्रेक्झेट पुढे या आजाराच्या उपचारांचा कणा बनले. माझे म्हणणे एवढेच आहे की, यशाचे माप ‘पाच वर्षे जगला’ एवढेच ठेवल्यामुळे मेंदूला पोचलेली इजा प्रत्येक टप्प्यावर एक पिढी उशिरा दिसली, आणि आता तरी ते माप बदलायला हवे.

१९६०च्या दशकात अनेक औषधे एकत्र देण्याचे धाडस झाले, तेव्हा एक विचित्र गोष्ट समोर आली. मुलाचे रक्त स्वच्छ दिसायचे, हाडातला मगज स्वच्छ दिसायचा, आणि काही महिन्यांत डोकेदुखी, उलट्या सुरू व्हायच्या. कर्करोगाच्या पेशी मेंदूच्या आवरणांत दडून बसलेल्या असत. रक्त आणि मेंदू यांच्यामधल्या अडसरामुळे औषध तिथवर पुरेसे पोचत नसे. मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेल यांनी आजार डोक्यात शिरण्याची वाट न पाहता आधीच तिथे मारा करायचे ठरवले. सुरुवातीला किरणांची मात्रा ५०० रॅड होती, मग १२०० झाली. दोन्ही अपुऱ्या ठरल्या. १९६७ साली सुरू झालेल्या पाचव्या अभ्यासात डोक्याला २४०० रॅड आणि पाठीच्या कण्यातल्या पाण्यात थेट मेथोट्रेक्झेट दिले गेले. त्यातली जवळपास निम्मी मुले कायमची बरी झाली. त्याआधी हा आजार म्हणजे मृत्यू असेच समीकरण होते. या पार्श्वभूमीवर पिंकेल यांच्या निर्णयाला आज चूक म्हणणे अन्यायाचे होईल. पण निर्णय बरोबर असला म्हणून त्याची किंमत शून्य होत नाही, आणि ती किंमत मोजायची सोय त्या अभ्यासांच्या आखणीतच नव्हती.

ती मोजदाद नंतर सुरू झाली. १९७५ साली कर्करोगतज्ज्ञ जूलिओ डँजिओ यांनी बालकर्करोगाच्या वैद्यकाला बजावले की आजार जाणे पुरेसे नाही. फिलाडेल्फियात ॲना मेडोज आणि सहकाऱ्यांनी डोक्यावर किरण घेतलेल्या मुलांच्या बुद्ध्यंकात घट होत असल्याचे १९८१ साली मांडले. वय जितके लहान, तितका धोका अधिक. मग मात्रा १८०० वर आली, आणि पुढे बहुतेक मुलांसाठी किरण वगळण्याकडे वैद्यक वळले. सेंट ज्यूडच्याच पंधराव्या अभ्यासात ४९८ मुलांपैकी कोणालाही डोक्यावर प्रतिबंधक किरण दिले नाहीत. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पाच वर्षे जगण्याचे प्रमाण ९३.५ टक्के होते. इथेच गोष्ट संपली असे अनेकांना वाटले असावे. पण किरणांची मोठी इजा दूर होताच तिच्याखाली झाकलेली केमोथेरपीची लहान इजा दिसू लागली. या मुलांची सरासरी बुद्धिमत्ता अपेक्षेइतकीच होती, मात्र लक्ष टिकवून धरण्यात ती समवयस्कांपेक्षा मागे पडत होती, आणि मेंदूच्या रोखाने जितका तीव्र उपचार, तितकी विचारांची गती आणि शाळेतली कामगिरी मंदावण्याची शक्यता वाढत होती.

यावर एक आक्षेप रास्त आहे: महिनोन्महिने शाळा बुडाली, घर हादरले, मूल सतत सुयांच्या भीतीत वाढले, मग दोष औषधालाच का द्यायचा? ही कारणे खरी आहेत आणि त्यांचा वाटाही असणारच. पण केवळ त्यांनीच हे घडत असते, तर मेंदूकडे जाणारे औषध वाढले की अडचण वाढते, हा संबंध आढळला नसता. शिवाय जैविक वाटही सापडते आहे. फोलिक आम्लाचा मार्ग अडला की रक्तात होमोसिस्टीन वाढते, आणि ते मज्जापेशींना घातक ठरू शकते. मेंदूशास्त्रज्ञ मिशेल मोंजे यांच्या गटाने २०१८ साली उंदरांवर दाखवले की मेथोट्रेक्झेटनंतर मेंदूतल्या संरक्षक पेशी दीर्घकाळ चेतलेल्या राहतात आणि मज्जातंतूंवरचे मायलिनचे वेष्टन बनवणाऱ्या पेशी नीट पिकत नाहीत. मायलिन हेच संदेशांच्या वेगाचे मूळ असल्याने, या मुलांत बुद्धीपेक्षा गतीवर अधिक परिणाम का होतो, याचे एक सुसंगत उत्तर त्यातून मिळते. उंदीर आणि माणूस यांत अंतर आहे, हे मान्य करूनही. दुसरा आक्षेप असा की, परिणाम सौम्य आहेत. सरासरीत ते सौम्यच आहेत. पण सरासरीत बसून कोणी परीक्षा देत नाही. काही मुलांना काहीच जाणवत नाही आणि काहींचे गणित कायमचे मागे पडते.

तिसरा आक्षेप आपल्याकडचा आहे: जिथे अजून सगळी मुले वाचत नाहीत, तिथे स्मरणशक्तीची चिंता ही चैन नव्हे काय? मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८०च्या दशकात ‘एमसीपी ८४१’ ही उपचारपद्धती सुरू झाली आणि भारतात या आजारातून बरे होणाऱ्यांचे प्रमाण लक्षणीय वाढले. तिच्यात डोक्यावरचे किरणही होते. तरीही त्याच रुग्णालयाने १९९१ साली उपचार संपलेल्या मुलांसाठी वेगळा दवाखाना सुरू केला. जीव वाचवणे आणि वाचलेल्या जीवाकडे बघणे एकाच छताखाली चालू शकते, याचा हा मुंबईतलाच पुरावा आहे. आणि गरीब घरात तर ही चिंता अधिक तातडीची आहे, कारण तिथे शिकवणीचा खर्च परवडत नाही आणि एकदा नापास झालेले मूल शाळेतून काढून कामाला लावले जाते. गडचिरोली किंवा बीडच्या शाळेत परतलेल्या अशा मुलाला शिक्षक आळशी समजतात, कारण त्यांना कोणी काही सांगितलेलेच नसते. घरी जाताना रुग्णालय जो कागद देते, त्यावर औषधांच्या यादीखाली शाळेसाठी दोन ओळी छापायला पैसा लागत नाही: या मुलाला पुढच्या बाकावर बसवावे, सूचना एकेक करून द्याव्यात, परीक्षेत जादा वेळ द्यावा, आणि वर्षभराने त्याचे लक्ष व वाचन पुन्हा तपासून घ्यावे.