नकलेची नक्कल : घरच्या आल्तारावरची मरियामाता



गेल्या ऑक्टोबरात, जपमाळेच्या महिन्यात, आम्ही नेहमीप्रमाणे घरोघरी फिरत होतो. खानापूरकडच्या एका घरी तेर्स झाला, चहा आला, आणि घरच्या थोरल्या मुलाने आल्ताराकडे बोट करून विचारलं, "सर, घर पाडून नवीन बांधतोय. आल्तारपण नवा करणार. मग ह्या फोटोचं काय करायचं? ओरिजिनल काही नाही, छापीलच आहे, आणि पार काळा पडलाय."

फोटो बाळ येशूला घेतलेल्या मरियामातेचा होता. वर्षानुवर्षांच्या मेणबत्त्यांनी काच धुरकटली होती, कडेला वाळवीने कागद खाल्ला होता. आजी शेजारीच बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, कप गोळा करून आत गेल्या.

आम्ही तेव्हा नियम तेवढा सांगितला. आशीर्वादित वस्तू रद्दीत किंवा भंगारात द्यायची नाही. अगदीच निकामी झाली तर जाळून राख मातीत पुरायची. नियम बरोबरच आहे. पण परतीच्या वाटेवर गाडीत आमच्यात चर्चा झाली ती त्या एका शब्दावर, 'ओरिजिनल'. देवघरातल्या चित्राला ओरिजिनल असावं लागतं का?

त्यासाठी थोडं लांब, पंधराव्या शतकातल्या इटलीत जावं लागेल. प्रबोधनकाळातली चित्रं म्हटलं की आपल्याला लिओनार्दो, राफाएल अशी थोर नावं आठवतात. पण फ्लॉरेन्सच्या साध्या व्यापाऱ्याच्या घरात, निजायच्या खोलीत, ज्या मरियामातेपुढे लोक गुडघे टेकत, ती बहुतेक वेळा एका माणसाच्या हातची नसायची. ती कार्यशाळेतून यायची. आपल्याकडे गणपतीच्या आधी मूर्तिकारांच्या शेडमध्ये जे दिसतं तसंच काहीसं समजा. साचा उस्तादाचा, भरणारी आणि रंगवणारी पोरं वेगळी, आणि डोळ्यांची आखणी पुन्हा उस्तादाच्या हातची. इटलीत लाकडी फळीला सरस आणि पांढऱ्या चुन्यासारख्या भुकटीचा लेप द्यायचा, घासून गुळगुळीत करायचा, सोन्याचा वर्ख लावायचा, अंड्याच्या बलकात रंग कालवायचे. ही कामं शिकाऊ मुलं करत. मरियेच्या झग्याचा उंची निळा रंग अफगाणिस्तानातून येणाऱ्या लाजवर्द दगडाचा. तो इतका महाग की कोणता निळा वापरायचा हे करारातच लिहीत.

चेहरा आणि आकृती उतरवायची युक्ती आपल्या बायकांना लगेच कळेल. भरतकामाची नक्षी साडीवर उतरवताना कागदाला सुईने भोकं पाडतात आणि वरून रंगाचा बोळा फिरवतात, तोच प्रकार. तिथे बोळ्यात कोळशाची पूड असायची. फिलिप्पो लिप्पी आणि पेसेल्लिनो या चित्रकारांच्या मरियेचे असे खाके वापरून एका कार्यशाळेने वर्षानुवर्षं घरगुती चित्रं काढली. त्या कारागिरांची नावं कुणालाच ठाऊक नाहीत. अभ्यासक त्यांना नुसतं 'लिप्पी-पेसेल्लिनोचे अनुकरण करणारे' म्हणतात. नेरी दि बिच्ची नावाच्या फ्लॉरेन्सच्या चित्रकाराची 1453 ते 1475 या काळातली हिशेबवही मात्र टिकली आहे. तिच्यात मोठ्या वेद्यांच्या कामांबरोबर घरात ठेवायच्या छोट्या देवघरांचीही नोंद आहे.

घरात चित्र ठेवायचं कशाला, याचं उत्तर त्याच शतकाच्या सुरुवातीला जोव्हान्नी दोमिनिची या डॉमिनिकन धर्मगुरूंनी एका गृहिणीला लिहून दिलं. मुलांना दिसतील अशी चित्रं घरात लावा, ते सांगतात, दूध पिणाऱ्या बाळ येशूचं, आईच्या मांडीवर झोपलेल्या येशूचं. म्हणजे मूल त्या चित्रात स्वतःला बघेल. आणि लगेच बजावतात की चित्राला सोनंचांदी फार नको, नाहीतर पोरं सोन्यालाच नमस्कार करतील. चित्रकलेच्या सुवर्णकाळात एक धर्मगुरू साध्या चित्राची बाजू घेतो हे आम्हाला फार आवडलं.

आता नकलेची गोष्ट, आणि ती आपल्या दारापर्यंत येते.

रोमच्या सांता मारिया मॅज्योरे महामंदिरात मरियामातेचं एक प्राचीन चित्र आहे. साधारण चार फूट उंच, अडीच फूट रुंद. निळ्या झग्यातली मरिया आपल्याकडे बघते, बाळाच्या एका हातात पुस्तक, दुसरा आशीर्वादाला उचललेला. संत लूकने ते काढलं अशी परंपरेची श्रद्धा. पोप फ्रान्सिस प्रत्येक प्रवासाआधी आणि नंतर याच चित्रापुढे जाऊन प्रार्थना करत, आणि एप्रिल 2025 मध्ये त्यांना त्याच महामंदिरात पुरण्यात आलं. हे चित्र इतकं पूज्य की त्याची हुबेहूब नक्कल करायला सहसा परवानगी मिळत नसे. 1569 मध्ये जेसुइटांचे प्रमुख संत फ्रान्सिस बोर्जा यांनी पोप पायस पाचवे यांच्याकडून ती मिळवली. एक नक्कल झाली आणि तिच्यावरून आणखी नकला झाल्या. हे लक्षात घ्या. जगभर गेली ती रोमची फळी नव्हे, नकलेच्या नकला. एक नक्कल इग्नेशियस अझेवेदो ब्राझीलला घेऊन निघाले. 15 जुलै 1570 रोजी कॅनरी बेटांजवळ फ्रेंच प्रोटेस्टंट चाच्यांनी त्यांना सोबत्यांसह ठार केलं, तेव्हा ते चित्र त्यांच्या हातात होतं असं परंपरा सांगते. (त्या शतकात दोन्ही बाजूंनी रक्त सांडलं, आज हिशेब मांडण्यात अर्थ नाही.)

सप्टेंबर 1578 मध्ये गोव्याच्या बंदरात तरुण जेसुइटांची एक तुकडी उतरली. तिच्यात रुदोल्फ आक्वाव्हिव्हा होते आणि मात्तेओ रिच्चीही होते. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडचे थॉमस स्टीफन्स आले. हे आपले फादर स्टीफन्स, 1616 साली छापलेल्या 'क्रिस्तपुराणा'चे कर्ते. स्टीफन्स आल्यावर तीन-चार आठवड्यांतच, 17 नोव्हेंबर 1579 रोजी, आक्वाव्हिव्हा दोन सोबत्यांसह अकबर बादशहाच्या बोलावण्यावरून निघाले. फेब्रुवारी 1580 च्या अखेरीस ते फतेहपूर सिक्रीला पोचले.

त्यांनी बादशहाला अँटवर्पला छापलेलं अनेक भाषांतलं भव्य बायबल दिलं. पण बादशहा थांबला तो त्यांच्या लहानशा प्रार्थनाघरात. तिथे सांता मारिया मॅज्योरेच्या त्या चित्राची नक्कल होती. जेसुइटांच्या वृत्तांतानुसार अकबराने पगडी उतरवली आणि तीन प्रकारांनी वंदन केलं. आधी मुसलमानी रीतीने, मग ख्रिस्ती रीतीने गुडघे टेकून, मग हिंदू रीतीने साष्टांग. ओरिजिनल कुठे आहे असं त्याने विचारल्याची नोंद आमच्या वाचनात नाही.

1602 मध्ये आग्र्याला मरियेच्या रोममधल्या आणखी एका चित्राची नक्कल लोकांसाठी मांडली, तेव्हा शहर लोटलं. बादशहाने ती आपल्या वृद्ध आईला आणि अंतःपुरातल्या बायकांना दाखवायला महालात नेली. तिकडे चीनमध्ये 1601 साली रिच्चींनी सम्राटाला मरियेचं चित्र दिलं, आणि त्यानेही ते आपल्या आईकडेच पाठवलं. दोन बादशहा, आणि दोन्हीकडे चित्र आईच्या खोलीत.

आक्वाव्हिव्हा 1583 मध्ये गोव्याला परतले आणि 25 जुलैला कुंकळ्ळीत चार जेसुइट सोबत्यांसह मारले गेले. तिथली देवळं त्याआधी पोर्तुगीजांनी उद्ध्वस्त केली होती, हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर गोष्ट अर्धी राहते. मृतदेह मिळवण्याचं काम स्टीफन्स यांच्यावर आलं. डिसेंबर 2024 मध्ये संत फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांच्या दर्शनाला आपल्यापैकी पुष्कळ जण चोर्ल्याच्या घाटाने जुन्या गोव्याला गेले होते. ते ज्या से कॅथेड्रलमध्ये रांगेत उभे राहिले, तिथेच कुंकळ्ळीच्या हुतात्म्यांचेही अवशेष आहेत.

मग छापील चित्राचं काय? तेही तितकंच जुनं. अँटवर्पच्या व्हिरिक्स बंधूंनी तांब्याच्या पत्र्यांवर कोरून छापलेल्या पवित्र तसबिरी जेसुइटांबरोबर देशोदेशी गेल्या. युरोपातून आलेल्या अशा छापील तसबिरींवरून मुघल चित्रकारांनीही चित्रं रंगवली. कागदाची, स्वस्त, पेटीत मावणारी मरिया चारशे वर्षांपूर्वीच हिंदुस्थानात फिरत होती. आपल्या आजीचा फोटो त्याच वाटेने आला आहे.

कॅम्पातले आमचे मेथडिस्ट मित्र कधी कधी विचारतात, हे सगळं कागदाला नमस्कार करणंच नाही का? प्रश्न प्रामाणिक आहे. त्रेंतच्या धर्मसभेने 1563 मध्ये सांगितलं की प्रतिमेत कसली शक्ती आहे म्हणून तिला मान द्यायचा नसतो, तो मान प्रतिमेने दाखवलेल्या व्यक्तीकडे जातो. हे मानलं तर रोमची फळी, गोव्यातली नक्कल आणि खानापूरचा काळवंडलेला कागद एकाच पायरीवर उभे राहतात. न मानलं, तर तिन्ही सारखेच निरुपयोगी. ओरिजिनल आणि नक्कल हा भेद संग्रहालयाचा आणि लिलावाचा आहे. आमच्या मते प्रार्थनेत तो शिरला की आपण दोमिनिचींच्या त्या पोरांसारखे सोन्याकडे बघू लागतो.

हे सगळं त्या मुलाला एकदम सांगणं शक्य नव्हतं. तुकड्या-तुकड्याने सांगितलं, दोन रविवार मिस्सेनंतर. त्याने ऐकून घेतलं, अकबराची गोष्ट त्याला जास्त आवडली.

मागच्या आठवड्यात तिकडून जाताना डोकावलो. स्लॅब पडलाय, भिंतींना गिलावा व्हायचा आहे. फोटो दिसला नाही म्हणून विचारलं, तर तो बेळगावला फ्रेमवाल्याकडे गेलाय म्हणाला. काच आणि मागची फळी बदलायची, कागदाला हात लावायचा नाही, असं आजींनी बजावून पाठवलंय. नव्या घराच्या आशीर्वादाची तारीख फादरांशी बोलून कळवू.