वऱ्हाडातील पाठ्यसाधनांची पारख

१८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा मुलूख इंग्रजी अमलाखाली आला आणि १८६६ साली तेथे विद्याखाते स्थापन झाले, तेव्हा अमरावती-अकोल्याच्या शाळांत काय शिकवावे यापेक्षा कोणत्या पुस्तकावरून शिकवावे हा प्रश्न अधिक बिकट होता. कारण मराठी क्रमिक पुस्तकांचा उगम मुंबई इलाख्यात होता, आणि तेथे मेजर थॉमस कँडी यांच्या लेखणीखालून गेल्याविना सरकारी पुस्तकास मंजुरी मिळणे दुर्घट होते. कँडीसाहेबांच्या परिश्रमांविषयी पूर्ण आदर बाळगूनही म्हणावे लागते की, भाषेची शुद्धता हीच त्या पारखीची मुख्य कसोटी होती. ज्वारी-कपाशीच्या काळ्या रानात वाढलेल्या, घरी वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलास ते पुस्तक कितपत उमगते, याचा विचार तीत अभावानेच होई.

अशा काळी विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखा पुरुष अकोल्यास लाभला, हे वऱ्हाडचे भाग्य. शेक्सपिअरच्या 'सिंबेलाइन'वरून 'तारा' हे नाटक रचणारे आणि १९०७ साली पुण्याच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद भूषविणारे हे विद्वान अकोल्याच्या हायस्कुलातून वऱ्हाडच्या शिक्षणखात्याच्या प्रमुखपदापर्यंत चढले. वर्ग आणि दप्तर ही दोन्ही एकाच व्यक्तीने आतून जाणावीत, असा योग विरळाच.

पुढे १९०३ साली वऱ्हाड प्रांत मध्यप्रांतास जोडला गेला, १९५६ साली मुंबई राज्यात आला, आणि १९६७ साली पुण्यास 'बालभारती'ची स्थापना झाली. मंजुरीचे ठाणे बदलत गेले. वर्गातील शिक्षकाचा निवडीचा अधिकार मात्र बेताचाच राहिला.

आता २०१७ साली सुरू झालेल्या 'दीक्षा' या सरकारी डिजिटल व्यासपीठामुळे पाठ्यपुस्तकावरील क्यूआर कोडातून चित्रफिती व स्वाध्याय थेट वर्गात उतरतात, आणि या अपूर्व विपुलतेमुळे पारखीचा भार खुद्द शिक्षकावरच येऊन पडला आहे. मेळघाटात, धारणी-चिखलदरा तालुक्यांत, कोरकू मुले ज्या भाषेत वाढतात ती मुंडा कुळातील, मराठीच्या गोतावळ्याबाहेरची. त्यांच्यापुढे प्रमाण मराठीतील वेगवान निवेदनाची चित्रफीत ठेवावी की नाही, ठेवल्यास ती कोठे थांबवावी, कोणता शब्द आधी कोरकूत सांगावा आणि रेंज नसताना ती वर्गात चालेल काय, याचा निर्णय पुण्याच्या वा दिल्लीच्या कचेरीत बसून होणे शक्य नाही. तो तेथील गुरुजींनी आणि बाईंनीच करावयाचा आहे.

म्हणून अमरावती व अकोला या दोन्ही जिल्हा परिषदांना माझी कळकळीची विनंती आहे की, केंद्राकेंद्राच्या शिक्षण परिषदेत शिक्षकांचे असे अभिप्राय लेखी घ्यावेत, ते जपून ठेवावेत, आणि कोणतेही नवे साधन शाळांत धाडण्यापूर्वी ते प्रथम वाचावेत.