दमा खानदानी की चूल खानदानी?

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं, 'दमा त्यांच्या घराण्यातच आहे.' सासूला आधी धाप, मग पायांवर सूज, शेवटी हृदय थकतं. पुढे सुनेलाही तेच! आता गंमत बघा, सून तर दुसऱ्या घराण्यातली. मग आनुवंशिक काय?

होतं असं की फुप्फुस खराब झालं की त्यातल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयाच्या उजव्या बाजूवर लोड येतो. १९५९ मध्ये डॉ. एस. पद्मावती आणि डॉ. पाठक यांनी दिल्लीतल्या अशा १२७ रुग्णांचा अभ्यास छापला. विडी-सिगारेट न ओढणाऱ्या बायकाही या आजाराच्या तावडीत सापडत होत्या. पद्मावतींचा संशय गेला चुलीच्या धुरावर.

१९६३ मध्ये स्वीडनच्या लॉरेल आणि एरिक्सन यांना काही रुग्णांच्या रक्तात फुप्फुसाला जपणारं एक प्रोटीन जवळजवळ नसल्याचं दिसलं. म्हणजे जीन्सचाही हात असतोच. पण त्यातला सगळ्यात घातक प्रकार मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांत सापडतो, भारतात तो दुर्मिळ.

सासूकडून सुनेकडे जीन्स जात नाहीत, चूल मात्र जाते. तेव्हा मंडळी, गावी गेलात की सिलिंडर संपल्यावर घरात काय पेटतं, ते एकदा विचाराच.