शिरूर व दौंड तालुक्यांतील जलस्रोत

शिरूर आणि दौंड हे महाराष्ट्रातील पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील तालुके आहेत. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्याने येथील पाणीपुरवठा पश्चिमेकडून येणाऱ्या नद्या, धरणांचे कालवे आणि विहिरी यांवर अवलंबून आहे.

नद्या व सिंचन

भीमाशंकर येथे उगम पावणारी भीमा ही येथील प्रमुख नदी होय. पुणे शहरातून येणारी मुळा-मुठा रांजणगाव सांडस (ता. शिरूर) परिसरात तिला मिळते. शिरूर शहर घोड नदीच्या काठी वसले असून ते घोडनदी या नावानेही ओळखले जाते. उजनी धरणाचा फुगवटा दौंड तालुक्यापर्यंत येतो. शिरूरला चासकमान व घोड, तर दौंडला खडकवासला प्रकल्पातून सिंचनाचे पाणी मिळते. पुण्यातील सांडपाणी मुंढवा येथे उचलून जुन्या मुठा उजव्या कालव्यातून (बेबी कालवा) हवेली व दौंडमधील शेतीसाठी सोडले जाते.

भूजल

हा प्रदेश दख्खनच्या बसाल्ट खडकाचा आहे. खडकाच्या भेगांत व वरच्या झिजलेल्या थरातच पाणी साठत असल्याने साठा मर्यादित राहतो. १९७२ मध्ये स्थापन झालेली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींतील पातळी नियमितपणे नोंदवते.

प्रदूषण व आरोग्य

मुळा-मुठेतून येणाऱ्या शहरी सांडपाण्यामुळे संगमाखालील भीमेच्या पाण्याची गुणवत्ता खालावते. पोषकद्रव्यांमुळे जलपर्णी फोफावते. दूषित पाण्यातून अतिसार, विषमज्वर व कावीळ पसरू शकते. रासायनिक खते व मलमूत्र यांमुळे विहिरींत नायट्रेट वाढते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा प्रतिलिटर ४५ मिलिग्रॅम आहे. अधिक प्रमाण लहान बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटवते. पाणी उकळल्याने जंतू मरतात; नायट्रेट मात्र कमी होत नाही.

ग्रामपातळीवरील व्यवस्थापन

ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल पावडरने पाण्याचे शुद्धीकरण करतो व ओटी चाचणीने त्यातील क्लोरीन तपासतो. स्रोतांच्या स्वच्छता सर्वेक्षणानंतर जोखमीनुसार ग्रामपंचायतींना लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना क्षेत्रीय तपासणी संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. या उपायांनी घरापर्यंत येणारे पाणी सुरक्षित ठेवता येते. नदीची गुणवत्ता सुधारणे मात्र वरच्या भागातील सांडपाणी प्रक्रियेवर अवलंबून आहे.