बोधात्मक वर्तनोपचार : महाराष्ट्रातील वाटचाल आणि पाटोदा तालुक्याचा संदर्भ

प्रस्तावना :
मनुष्य घटनेमुळे नव्हे, तर घटनेविषयीच्या स्वतःच्या धारणेमुळे अस्वस्थ होतो, हा विचार ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटसइतका जुना आहे. त्यास उपचारपद्धतीचे रूप अमेरिकेत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाभले. मनोविश्लेषणाच्या संथ गतीने असमाधानी झालेल्या अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. १९६० च्या दशकात अॅरन बेक यांनी नैराश्यग्रस्तांच्या विचारांतील दोष तपासणारी पद्धती विकसित केली. वर्तनोपचाराशी या प्रवाहांचा संगम होऊन बोधात्मक वर्तनोपचार सिद्ध झाला.

महाराष्ट्रातील वाटचाल :
मराठी मुलखात या विचाराचे श्रेय प्रामुख्याने मुंबईचे मानसतज्ज्ञ कि. मो. फडके यांच्याकडे जाते. एलिस यांच्याशी त्यांचा दीर्घकाळ पत्रव्यवहार होता. भारतात या पद्धतीचे अध्यापन व मराठीतून लेखन त्यांनी निष्ठेने केले. ‘विवेकनिष्ठ’ हा शब्द मराठी वाचकाला परका वाटत नाही, हे या कार्याचे यश होय. १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात स्थापन केलेल्या मानसिक आरोग्य संस्थेने हा विचार सामान्य कुटुंबांपर्यंत नेला.

पाटोद्याचा संदर्भ :
मुंबई-ठाण्याच्या सुशिक्षित वर्गात रुजलेली ही पद्धती बालाघाटाच्या माथ्यावरील पाटोदा तालुक्यात कितपत उपयुक्त ठरेल? येथील अनेक कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीस जातात. ‘उचल फिटली नाही, म्हणजे माझे जगणे व्यर्थ’ असे मानणाऱ्या मजुराचे कर्ज कोणताही उपचार फेडू शकत नाही. तपासायचा असतो तो त्या वाक्यातील ‘म्हणजे’. कर्ज ही वस्तुस्थिती, तर जगण्याची व्यर्थता हा त्यावरून काढलेला निष्कर्ष होय. हा भेद न करता ‘विचार बदला’ असे सांगणे म्हणजे पिळवणुकीवर पांघरूण घालणे ठरेल.

दुसरी अडचण विचारांची नोंदवही ठेवण्याची. निरक्षर व्यक्तीने ती कशी लिहावी? या संदर्भात गोव्यातील प्रयोग उद्बोधक आहे. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र स्वरूपाचे नैराश्य असलेल्या ४९५ व्यक्तींचा अभ्यास झाला व तो २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. प्रशिक्षण दिलेल्या, परंतु व्यावसायिक नसलेल्या समुपदेशकांनी वर्तन-सक्रियतेवर आधारित सहा ते आठ भेटी घेतल्या. तीन महिन्यांनी नैराश्यमुक्तीचे प्रमाण या गटात ६४ टक्के, तर केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात ३९ टक्के आढळले. मात्र सहा-आठ आठवडे रुग्ण गावात असणे येथे गृहीत धरले आहे. ऊसतोडीच्या हंगामात पाटोद्याचा मजूर कारखान्याच्या तळावर असतो. समुपदेशकालाही तेथेच पोहोचावे लागेल.