पँथरच्या पोटातले दोन सेल

तामिया या जपानी कंपनीचं एखादं जुनं १/३५ चं रणगाड्याचं किट हाती लागलं, तर तोफ आणि पट्टे यांच्याकडे नंतर बघा. आधी खालचा सांगाडा उलटा करा. पोटाला एक लांबट खाच दिसेल आणि आसपास स्क्रूची गोल भोकं. खऱ्या रणगाड्याला पोटाखाली असलं काही नसतं. या छंदात नवा आलेला माणूस ही भोकं पाहून बुचकळ्यात पडतो, मुरलेला माणूस पुटी भरून ती बुजवतो आणि पुढच्या कामाला लागतो. खाच आहे स्विचसाठी, भोकं आहेत मोटर आणि गिअरबॉक्स पक्के करायला. आज काचेच्या कपाटात मिरवणारा हा रणगाडा मुळात जमिनीवर धावणारं खेळणं होता. आणि माझं म्हणणं असं, की स्केल मॉडेलच्या दुनियेतला सगळ्यात प्रसिद्ध आणि सगळ्यात विचित्र आकडा, १/३५, या भोकांच्या वर जी रिकामी जागा आहे तिथेच जन्माला आला.

विचित्र का, ते सांगतो. दिवाळीच्या किल्ल्यावर बुरुजापेक्षा मावळा उंच असला तरी कुणाची हरकत नसते, महाराजांच्या मांडीएवढा दरवाजाही चालतो. स्केल मॉडेलमध्ये हे चालत नाही. खऱ्या वस्तूचं प्रत्येक माप एकाच आकड्याने भागायचं, हा या छंदाचा पहिला आणि जवळजवळ एकमेव नियम. त्यामुळे किटच्या दुकानात गेलेल्या नवख्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो स्केलचा. १/७२ हवं, १/४८ हवं, १/३२ हवं की १/३५? कुणी हे आकडे पाठ करून घेतं, कुणी खोक्यावरचं चित्र बघून किट उचलतं. हे आकडे आले कुठून, हा प्रश्न मात्र फार थोडे विचारतात.

बहुतेकांचं उत्तर सोपं आहे. इंग्रजांची फूटपट्टी घ्या. एक फुटाला पाव इंच धरलं की १/४८. अर्धा इंच धरला की १/२४. सहा फुटी माणूस एक इंचाचा केला की १/७२. एक फुटाला तीन अष्टमांश इंच धरला की १/३२. विल्यम ब्रिटन यांच्या कंपनीने १८९३ पासून आतून पोकळ ओतलेले शिशाचे सैनिक विकायला सुरुवात केली. त्यांची ५४ मिलिमीटरची उंची याच १/३२ च्या घरात बसते आणि त्या काळच्या ४५ मिलिमीटर रुळाच्या खेळण्यातल्या आगगाडीशेजारी शोभते.

विमानांचं १/७२ ब्रिटनमध्ये रुळलं ते १९३२ च्या स्कायबर्ड्स या लाकडी किटांनी. १९३६ मध्ये फ्रॉग कंपनीने त्याच स्केलमध्ये प्लास्टिकची पेंग्विन मालिका काढली. त्यांची आधीची विमानं उडायची, ही उडणार नव्हती, म्हणून पेंग्विन. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचं विमान ओळखायला शिकवण्यासाठी १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाने शाळकरी मुलांकडून १/७२ ची पाच लाख मॉडेलं मागवली. युद्धानंतर एअरफिक्सने १९५२ मध्ये वूलवर्थच्या दुकानांतून ‘गोल्डन हाइंड’ जहाज दोन शिलिंगांना विकलं आणि १९५३ मध्ये १/७२ चं स्पिटफायर आणलं. अमेरिकेत रेव्हेलने १९५३ मध्ये ‘मिसुरी’ युद्धनौका काढली तिचं स्केल होतं १/५३५, कारण किट ठरलेल्या खोक्यात मावायला हवं होतं. इथवरचा इतिहास कुठल्याही छंदवाल्याला तोंडपाठ असतो, म्हणून तो एवढ्यावरच सोडतो.

आता ३५ ला फूटपट्टीवर बसवून बघा. बारा इंच भागिले ३५ म्हणजे ०.३४ इंच आणि वर काही. पट्टीवर अशी खूणच नाही. मेट्रिकमध्ये विचार केला तर १/२५ किंवा १/५० समजू शकतो, ३५ कुणी कशाला निवडेल? फूटपट्टीतून आला नाही, मीटरपट्टीतून आला नाही, असा हा पोरका आकडा. आणि गंमत म्हणजे आज रणगाड्यांच्या मॉडेलमध्ये राज्य त्याचंच आहे.

उत्तराकडे जाण्याआधी आगगाडीच्या एका जुन्या भानगडीकडे वळावं लागतं, कारण या आकड्याच्या घराण्याचा मूळपुरुष तिथे सापडतो. खेळण्यातल्या छोट्या आगगाडीचा १६.५ मिलिमीटरचा रूळ घ्या. खरा रूळ १,४३५ मिलिमीटरचा, म्हणजे बरोबर १/८७. याला एचओ म्हणतात, पुण्यातल्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे संग्रहालयात धावतात त्या गाड्या याच मापाच्या. पण ब्रिटनमध्ये १९२२ च्या सुमारास बॅसेट-लोक कंपनीने जर्मनीतल्या बिंग कंपनीकडून टेबलावरची आगगाडी करून घेतली तेव्हा अडचण आली. ब्रिटिश इंजिनं युरोपातल्या इंजिनांपेक्षा अंगाने बारीक असतात. १/८७ मध्ये ती इतकी सडपातळ होतात की त्यांच्या पोटात चावीची यंत्रणा, पुढे विजेची मोटर, बसवणं अवघड. मग ब्रिटिश कारागिरांनी इंजिनाचं अंग वाढवलं आणि रूळ तसाच ठेवला. एक फुटाला चार मिलिमीटर, म्हणजे साधारण १/७६. हेच डबल-ओ. या मापात तोच रूळ खऱ्यापेक्षा सात इंच अरुंद ठरतो. शंभर वर्षं शुद्धतावादी यावर बोटं मोडत आले आहेत, तरी ब्रिटनमधल्या बहुतेक मॉडेल आगगाड्या आजही त्याच रुळावर धावतात.

यातून मी एक नियम काढतो : मॉडेल चालवायचं असेल, तर स्केल ठरवते ती पोटातली यंत्रणा. कागदावरचा भागाकार नंतर येतो.

आता जपानला जाऊ. शिझुओका शहरात १९४६ मध्ये योशिओ तामिया यांनी लाकडाचा धंदा सुरू केला. लाकडी मॉडेलं त्याच लाकडातून आली आणि वखारीला आग लागल्यावर पुढे तीच मुख्य धंदा बनली. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी प्लास्टिक किट जपानी दुकानांत आली आणि लाकडी मॉडेलांचं गिऱ्हाईक आटलं. तामियाने १९६० मध्ये पहिलं प्लास्टिक किट काढलं, १/८०० ची ‘यामातो’ युद्धनौका. त्याच वेळी एका प्रतिस्पर्ध्याने तीच नौका कमी किमतीत बाजारात आणली आणि तामियाचा पहिलाच डाव फसला. कंपनी तोट्यात आली.

पुढचा डाव योशिओंचे चिरंजीव शुनसाकु यांचा. त्यांनी जर्मन पँथर रणगाडा निवडला. पँथरचं अंग बहुतेक सपाट पत्र्यांचं, सरळ रेषांचं, म्हणजे साचा कोरायला सोपा आणि स्वस्त. खोक्यावरचं चित्र शिगेरु कोमात्सुझाकी या नामांकित चित्रकाराकडून काढून घेतलं. आणि मुलांना चालवता यावा म्हणून आत मोटर, गिअरबॉक्स आणि दोन सेल. १९६१ च्या अखेरीस आलेल्या या रणगाड्याने कंपनीला तारलं. मग बाकीच्या देशांचे रणगाडेही त्याच मापात काढायचं ठरलं, तेव्हा शुनसाकुंनी आपलंच मॉडेल मोजलं. ते खऱ्याच्या साधारण पस्तिसाव्या भागाएवढं निघालं. आकार ठरला होता सेल मावतील इतका, ही हकीकत त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवली आहे.

म्हणजे मॉडेल आधी झालं, स्केल मागाहून मोजलं गेलं. बारसं मुलाच्या मुंजीत व्हावं तसा प्रकार.

इथपर्यंत तामियांची साक्ष आहे. पुढचा हिशेब माझा आहे. ते सेल मधल्या आकाराचे : टॉर्चच्या जाड सेलपेक्षा लहान, पेन्सिल सेलपेक्षा जाड. एकाचा व्यास २६.२ मिलिमीटर, दोन शेजारी ठेवले तर ५२.४. आता खरा पँथर घ्या. रुंदी ३.२७ मीटर, एकेक पट्टा ६६ सेंटिमीटरचा. दोन्ही पट्टे वजा केले की मधली जागा उरते १.९५ मीटर. तिला ३५ ने भागा : ५५.७ मिलिमीटर. दोन सेल आणि दोन्ही बाजूंच्या दीडेक मिलिमीटरच्या प्लास्टिकच्या भिंती, की जागा संपली. १/४० केलं तर ४८.७ मिलिमीटर, सेल शेजारी मावतच नाहीत. १/३२ केलं तर ६०.९, पाच मिलिमीटर फुकट. तोट्यातून वर येऊ पाहणारा कारखानदार प्लास्टिक, साचा आणि खोकं तिन्हींत पैसा वाचवणार. त्याने सेल जेमतेम मावतील असं सगळ्यात लहान मॉडेल केलं असणार. ते लहानात लहान मॉडेल पस्तिसाव्या भागाचं निघतं.

या हिशेबाला एक खिंडार आहे आणि ते मी स्वतःच दाखवतो. सेल शेजारी न ठेवता एकामागे एक ठेवले तर रुंदीचा प्रश्नच उरत नाही. पँथरचा सांगाडा ६.८७ मीटर लांब, म्हणजे मॉडेलमध्ये १९६ मिलिमीटर. एकेक सेल पाच सेंटिमीटरचा, दोन रांगेत ठेवले तर अर्धी लांबी गेली. उरलेल्या अर्ध्यात मोटर, गिअरबॉक्स आणि तारा बसवायच्या. बसतीलही. पण मग सगळं वजन लांबीभर पसरतं, आणि पट्ट्यांवर चालणाऱ्या खेळण्याला वजन मध्ये एकवटलेलं हवं असतं. म्हणून मी शेजारच्या मांडणीवर ठाम आहे.

प्रतिस्पर्धी उपपत्ती दोन. पहिली म्हणते, १/३५ हे शिशाच्या सैनिकांच्या १/३२ वरून आलं, त्यांच्याशी जवळपास जुळावं म्हणून. ही ऐकायला छान आहे, कालक्रमात मात्र टिकत नाही. तामियाने १/३५ चे सैनिक काढले ते १९६८ मध्ये, ‘मिलिटरी मिनिएचर’ मालिकेच्या आरंभी. पँथर त्याच्या सहा-सात वर्षं आधीचा. सैनिक रणगाड्यामागून आले. रणगाडा सैनिकांसाठी मोजलाच नव्हता. शिवाय जुळवायचंच होतं तर सरळ १/३२ का घेतलं नाही?

दुसरी उपपत्ती म्हणते, १/३२ करायला गेले आणि मोजमापात चुकले. यावर मी इतकंच म्हणेन, की हेच शुनसाकु पुढे अमेरिकेतल्या अ‍ॅबरडीनच्या लष्करी संग्रहात रणगाडे फोटोंत टिपायला गेले, आणि पोर्शच्या किटसाठी त्यांनी खरी पोर्श ९११ विकत घेऊन खोलली. असला माणूस दहा टक्क्यांची चूक मुकाट्याने पुढच्या पन्नास रणगाड्यांत नेणार नाही. त्याने आकडा नेला, कारण तो चालत होता.

एक योगायोग मात्र मला फार आवडतो. १९६१ च्याच सुमारास ब्रिटनमध्ये एअरफिक्सनेही पँथर काढला, आगगाडीच्या डबल-ओ मापात, १/७६ मध्ये. तोच रणगाडा, तोच काळ. एकाचं माप ठरवलं आगगाडीच्या इंजिनात न मावणाऱ्या मोटरने, दुसऱ्याचं रणगाड्यात कशाबशा मावलेल्या सेलने. ही दोन्ही भावंडं एकाच कुळातली आहेत, असं मी म्हणतो.

मग हा पोरका आकडा राजा कसा झाला? सैनिकांमुळेच, पण उलट्या दिशेने. १९६८ नंतर तामियाने सैनिक, जीप, तोफा, पिंपं, वाळूची पोती, सगळं १/३५ मध्ये काढलं. रणगाड्याशेजारी काय ठेवायचं हे नवख्याला शोधावं लागेना. इटलीच्या इटालेरीने तोच आकडा उचलला, पुढे हाँगकाँगच्या ड्रॅगनने आणि चिनी कंपन्यांनीही. मोनोग्रामचं आणि एअरफिक्सचं १/३२ मागे पडलं, बांदाईचं १/४८ टिकलं नाही. मोटरी गेल्या, भोकं मात्र कितीतरी साच्यांत तशीच राहिली, कारण पोलादी साचा एकदा कोरला की दशकानुदशकं चालतो आणि चालणारा साचा कुणी दुरुस्त करत बसत नाही. एकविसाव्या शतकात तामियाने स्वतः १/४८ चे रणगाडे काढले आणि सुरुवातीच्या किटांत वजन यावं म्हणून खालचा सांगाडा धातूचा दिला. ते सुबक होते, पण १/३५ ची गादी हलली नाही.

नवख्याने यातून काय घ्यायचं? रणगाडे आवडत असतील तर १/३५ घ्या, बिनघोर. सुरुवातीला जीपसारखं लहान किट बरं. खरी विलीज जीप ३.३ मीटरची, मॉडेलमध्ये साडेनऊ सेंटिमीटर. भाग थोडे, तरी चाकं, स्टिअरिंग, सीट असं सगळं शिकायला मिळतं. भाग चौकटीतून हाताने पिळून तोडू नका, निपरने कापा आणि उरलेला खुंट सँडपेपरने घासा. प्लास्टिकचं सिमेंट सांध्यावर अगदी थोडं लावा. ते प्लास्टिक विरघळवून एकजीव करतं, म्हणून जास्त झालं तर बारीक नक्षी पुसली जाते. आणि दुकानात १/३२ चे सैनिक स्वस्तात दिसले तरी १/३५ च्या जीपशेजारी उभे करू नका. दोघांतला फरक पाचेक मिलिमीटरचा, पण खऱ्या मापात तो अर्ध्या फुटाहून जास्त होतो, आणि जीपचा ड्रायव्हर शेजारच्या शिपायापुढे बुटका दिसतो. बघणाऱ्याला आकडा माहीत नसला तरी काहीतरी चुकलंय हे त्याच्या लगेच ध्यानात येतं.